भाऊ, एसीवरची ती पिशवी

भाऊ, काल तुझ्या तेराव्याची गंधमुक्ती झाली. मांडववाला सकाळीच येऊन खुर्च्या घेऊन गेला, यावलकडची मंडळी कालच दुपारच्या बसने परतली. आमचे हे उद्या धुळ्याला नोकरीवर जातील, मग घरात मी एकटीच. दहा-बारा दिवस जो येईल तो माझा हात धरून एकच सांगत होता. ‘शोभाताई, तुम्ही भावाचं फार केलं. सुटला बिचारा.’ सुटला म्हटलं की माझ्या डोक्यात सणक जाते. लोकांना काय माहीत, गेल्या मे महिन्यापासून मी तुझ्या उशाशी कोणता प्रश्न घेऊन बसले होते ते. तुला खरंच सुटायचं होतं का?

हा प्रश्न मी तुला एकदाच विचारला, तोही ओरडून. तू डोळे मिटून घेतलेस. त्यानंतर आपण केळीच्या भावापासून माझ्या शाळेतल्या मुख्याध्यापिकेपर्यंत सगळ्यावर बोललो, पण त्या पिशवीबद्दल तू चकार शब्द काढला नाहीस. आता तुझ्या फोटोला हार घातला आहे आणि त्यात तू छान हसतो आहेस. तेव्हा आज मी भांडणार आहे आणि तू ऐकून घेणार आहेस.

ट्रॅक्टर पाटात उलटला आणि तुझी मान गेली. तू नेहमी असंच सांगायचास, ट्रॅक्टर उलटला. चालवत कोण होतं, हे तू कधीच बोलला नाहीस, पण अख्ख्या गावाला माहीत होतं. सुपडू चालवत होता. तुझ्याच शेतात लहानाचा मोठा झालेला, तुझ्याच मळ्यात घड वाहून ज्याचे केस पांढरे झाले तो सुपडू. तू मडगार्डवर बसला होतास. दवाखान्याच्या व्हरांड्यात तो भिंतीला टेकून रडत होता, आणि मी त्याला म्हटलं होतं, ‘तू माझ्यासमोर उभा राहू नकोस.’ आत तू शुद्धीवर आल्यावर पहिलं काय विचारलंस? ‘सुपडूले लागलं का?’ त्याला खरचटलंसुद्धा नव्हतं. मला तेव्हा तुम्हा दोघांचाही राग आला होता.

वहिनी आधीच गेलेली, मूलबाळ नाही, गावात विजेचा भरवसा नाही. तुला माझ्याकडे जळगावला आणायचं ठरलं तेव्हा डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन समजावलं. मानेखालच्या अंगाला आता घाम येणार नाही. खोली तापली की यांचं अंग तापणार आणि ते आपणहून उतरणार नाही. खोली गार ठेवणं हेच यांचं औषध. मी ते ऐकलं आणि मला आपला उन्हाळा आठवला. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये दुपारी नळाला हात लावला तरी चटका बसतो, गाडीच्या सीटवर ओलं फडकं टाकल्याशिवाय बसता येत नाही. आणि या गावात मला एक माणूस गार ठेवायचा होता.

एसी आला तो तुझ्यासाठीच. तो बसवायला आला सोनगीरचा कारागीर, संजूभाऊ. तू पलंगावर पडल्या पडल्या त्याचा अर्धा दिवस खाल्लास. आतल्या भागाकडे तू ढुंकूनही पाहिलं नाहीस. तुला काळजी होती ती बाहेरच्या युनिटची. ते मागच्या भिंतीला, पश्चिमेकडे, अँगलवर बसवावं लागणार होतं, दुसरी जागाच नव्हती. तू मला मोबाईलवर त्या भिंतीचं चित्र दाखवायला लावलंस आणि म्हणालास, ‘शोभे, पश्चिमेचा वारा येतो इकून. हे मशीन म्हंजे आपल्या केयीचा घड हाये पाहा. वारा लागला का गेलं.’

मग केळीच्या बागेला वारा लागू नये म्हणून जे जे करतात, ते सगळं तू त्या डब्याला केलंस. वर पत्र्याचं उतरतं छप्पर लावून घेतलंस. पश्चिमेला, युनिटपासून हात-दोन हात लांब, हिरवी शेडनेट ताणायला लावलीस. शेजारच्या निंबाची एक फांदी छाटून घेतलीस, कारण पानगळ झाली की सगळा कचरा त्यात जाणार. पलीकडच्या डाळ मिलची चुरी उडते म्हणून दर पंधरवड्याला पाण्याचा फवारा मारायचा, तोही हलक्या हाताने, त्याच्या बाजूच्या पत्र्याच्या पातळ पात्या वाकता कामा नयेत. हे सगळं तू हुकूम सोडून करून घ्यायचास आणि शिडीवर मी चढायचे. शाळेत मुलं मला घाबरतात, भाऊ. घरी मी एसीचं मागचं अंग पुसत होते.

आणि तरी तुझं समाधान नव्हतं. तुला त्याला पिशवी हवी होती. घडाला घालतात ती, पांढरी, लांबलचक, स्कर्टिंग बॅग. ‘घड निर्यातीले पाठवायचा तं पिशवी घालाच लागते, तवाच डाग पडत नाही,’ असं तू संजूभाऊला समजावून सांगत होतास. तो कपाळाला हात लावून हसला. ‘आबा, हाई केळं नही शे. हाई मशीन खोलीतली गरमी बाहेर फेकस. त्यानं तोंड बांधं ते गरमी जाई कोठे? फिरी मांगे यी.’ तुला कुणी शहाणपणा शिकवलेला आवडायचा नाही, पण पटलेली गोष्ट तू कधी सोडलीही नाहीस. दुसऱ्या दिवसापासून भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तू तेच व्याख्यान द्यायला लागलास. पंखा कुठे असतो, तोंड कुठे असतं, ते का मोकळं लागतं. आपल्या मामेभावाने दुकानातल्या युनिटसमोर खोक्यांची थप्पी लावली होती, ती तू फोनवर शिव्या घालून हलवायला लावलीस.

म्हणजे तुला माहीत होतं. मी हे इतकं पाल्हाळ लावून एवढ्यासाठीच सांगते आहे. तोंड बांधलं तर काय होतं, ते या घरात सगळ्यात चांगलं तुला माहीत होतं.

तो दिवस तर तुझ्याही लक्षात असेल. सकाळपासून आभाळ पांढुरकं झालं होतं, झाडाचं पान हलत नव्हतं. मोबाईलवर वादळ आणि गारपिटीचा निरोप फिरत होता. तुझ्या लघवीच्या नळ्या आणि जखमेचं मलम संपत आलं होतं, म्हणून मी दुपारच्या आत दुकान गाठायला निघाले. समोरच्या काकूंना येऊन बसायला सांगितलं तर तू म्हणालास, ‘सुपडू येतो हाये बसनं, कशाले काकूले तरास?’ सुपडू येणार म्हटल्यावर मी मुद्दाम जरा उशीर करणार होते. तो माझ्या घरात यायचा, तुझ्या पायांना तेल लावायचा, तुला बागेची खबर द्यायचा आणि मी स्वयंपाकघरात भांडी आपटायचे. ते तुलाही ऐकू यायचं.

दुकानात नळ्या नव्हत्या, दुसऱ्या दुकानात गेले, तिथे गर्दी. परत आले तेव्हा ओट्यावर केळीच्या फण्या ठेवलेल्या होत्या आणि सुपडू निघून गेला होता. वादळाच्या आत गाव गाठायचं म्हणून त्याने लवकरची बस धरली असणार. तुझ्या खोलीचं दार उघडलं आणि आतून अशी वाफ आली की मला वाटलं मी चुकून गच्चीचंच दार उघडलं. एसीचा दिवा चालू, वाराही येत होता, पण तो वारा गरम होता. तू घोरत होतास. तुझ्या कपाळाला हात लावला तर ते तव्यासारखं तापलेलं आणि कोरडं ठक्क.

मी तुला हाका मारल्या. तू डोळे उघडलेस, पण मला ‘आई’ म्हणालास. थर्मामीटर लावला, पारा पाहिला, आणि माझा विश्वास बसेना म्हणून पुन्हा लावला. मग मी काय काय केलं ते माझं मलाच नीट आठवत नाही. चादर भिजवून तुझ्यावर टाकली, फ्रीजमधल्या बर्फाच्या पिशव्या तुझ्या काखेत धरल्या, टेबलफॅन ओढून आणला. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, आधी अंग उतरवा, रुग्णवाहिका पाठवतो, पण आता रस्त्यावर काढायचं म्हणजे त्या उन्हातून काढायचं. एका हाताने तुझ्या तोंडावर पाणी मारत दुसऱ्या हाताने संजूभाऊला फोन लावला. तो म्हणाला, ‘ताई, पयले मांगे जाई देख, बाहेरना पंखा फिरस का?’

मागे गेले. शिडी लावली. आणि वर पाहिलं तर युनिट दिसेचना. तिथे एक मोठं पांढरं गाठोडं होतं. केळीच्या पिशव्या उसवून, एकीवर एक घालून, वरून खालून सुतळीने आवळून बांधलेलं. बागेत वादळाआधी बांधतात तसं, घट्ट, एकाही फटीतून बोट जाणार नाही असं. आतून यंत्राची घरघर येत होती, अडकलेल्या माणसासारखी. मी खाली येऊन विळा घेतला आणि परत चढून ते कापत सुटले. पहिल्या फाडीतून असा भपका तोंडावर आला की मी शिडीवरून जाता जाता राहिले.

पंखा फिरला. थोड्या वेळाने खोलीत गार वारा यायला लागला. तुझं अंग हळूहळू, अगदी हळूहळू उतरलं. रुग्णवाहिका आली, त्यांनी तपासलं, आणि आता हलवण्यापेक्षा इथेच बरं म्हणून लक्ष ठेवायला सांगून गेले. तू मला ओळखलंस. ‘शोभे, तुह्या हाताले काय झालं?’ म्हणालास. विळ्याने माझा अंगठा कापला होता, मला तोपर्यंत कळलंही नव्हतं.

तेव्हा मी तुला विचारलं. ‘पिशवी कोणी बांधायला सांगितली?’

तू छताकडे पाहिलंस. मग म्हणालास, ‘म्या सांगतलं.’

‘सगळं बांधायला?’

‘हो. सुपडूले काही बोलू नको. म्या सांगतलं तसं केलं त्यानं.’

‘तुला माहीत होतं ना तोंड मोकळं लागतं? तूच सगळ्यांना सांगत फिरतोस ना?’

‘माहीत होतं.’

‘मग? मरायचं होतं का तुला?’

मी हे केवढ्याने ओरडले ते समोरच्या काकूंनी नंतर मला सांगितलं. तू डोळे मिटलेस. आणि त्याच वेळी वादळ आलं. पत्रे वाजले, शेडनेट फाटल्याचा आवाज आला, मग गारा. उघड्या युनिटवर ताडताड गारा पडत होत्या आणि तू डोळे मिटून ते ऐकत होतास. वीज गेली, पण गारांनी हवा गार झाली होती. मी खिडक्या उघडल्या आणि तुझ्या पलंगाच्या कडेला जमिनीवर बसले. मला वाटलं आता तू काहीतरी बोलशील. तू म्हणालास, ‘बाग गेली असंन.’ खरंच अर्धी बाग आडवी झाली होती.

त्या दिवसापासून मी पहारेकरी झाले, भाऊ. तुझ्या हनुवटीने दाबता यावा म्हणून छातीवर दोरीने बांधलेला रिमोट मी काढून घेतला. गोळ्यांचा डबा दुसऱ्या खोलीत हलवला. तू बोटसुद्धा उचलू शकत नाहीस हे कळत होतं, पण तू तोंडाने माणसं हलवू शकतोस हेही आता कळलं होतं. कोण भेटायला येतं, तू त्याच्या कानात काय सांगतोस, यावर माझा डोळा. सुपडू आला की मी भांडी आपटायचं सोडून खोलीत खुर्ची टाकून बसायला लागले. तुम्ही दोघं बागेचं बोलायचात आणि मी वह्या तपासायचं सोंग करायचे. शाळा सुरू झाली तशी मी रजा टाकली. यांनी धुळ्याहून फोनवर सांगून पाहिलं, ‘अगं, त्याला शांतपणे विचार तरी.’ कसं विचारणार? तू ‘हो’ म्हणाला असतास तर? मग मी सकाळी उठून तुला चहा कसा पाजला असता?

तुला हे दिसत होतं. तुला सगळं दिसायचं, मानेवरचं तुझं सगळं शाबूत होतं. एकदा दाढी करताना तू म्हणालास, ‘शोभे, शाळेत काबरं नाही जात?’ मी म्हटलं, कंटाळा आला. तू म्हणालास, ‘मी कुठी जाऊ रायलो? इथंच हाये.’ आणि हसलास. मला ते हसणं कळलं नाही. मी वस्तरा लगेच उचलून आत नेऊन ठेवला. तू माझ्या पाठीकडे पाहत होतास, ते मला आरशात दिसलं.

गेल्या दिवाळीनंतर आपलं शेवटचं भांडण झालं. थंडी पडली, एसी बंद झाला, आणि जिनिंगवाल्यांचा हंगाम सुरू झाला. कापसाचा तो बारीक बुरा हवेत उडून युनिटच्या जाळीवर थरावर थर बसायला लागला. तू म्हणालास, आता तं बंद हाये, आता तरी झाक. पोत्याने झाक, पिशवीने झाक, पण झाक. संजूभाऊनेही सांगितलं, बंद असताना झाकलं तर उलट चांगलं, फक्त चालू करायच्या आधी काढायचं. मी ऐकलं नाही. त्या युनिटला मी चिंधीसुद्धा लागू देणार नव्हते. ‘या घरात परत कुणी त्याला काही बांधलं तर मी ते सगळं भंगारात देईन,’ असं मी म्हटलं. तू म्हणालास, ‘हट्टी हायेस तू.’ मी म्हटलं, ‘तुझीच बहीण आहे.’ एवढंच. मग छातीत कफ झाला, दवाखाना, तोंडावर मास्क. मास्कच्या आत तुझे ओठ हलत होते आणि यंत्राच्या आवाजात मला काही ऐकू येत नव्हतं. मी कान अगदी जवळ नेला होता. तू काय म्हणत होतास? मला मेलीला तेव्हाही वाटलं, आता हा त्या पिशवीचं सांगतोय.

आता कालचं ऐक.

पंगती उठल्या, माणसं हात धुऊन बाहेर बसली. मी मागच्या दारी भांडी पाहायला गेले तर सुपडू शिडीवर. पांढरा सदरा घातलेला, खांद्यावर टॉवेल, आणि तो बोटांनी युनिटच्या जाळीतला कापूस उपसत होता. खाली पायरीवर नव्या कोऱ्या पिशव्यांची घडी आणि सुतळीचं बंडल ठेवलेलं. ते पाहून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आजच्या दिवशीही! मी काही बोलणार तेवढ्यात तोच म्हणाला, ‘ताई, किती कापूस बसला पाहा यात. भाऊ म्हने दिवायी झाल्यावर, पिशव्या घेऊन ये, ताईचा राग गेला का बांधून देजो. झाकून देऊ का आता? आता तं लावनार नाही ना कोनी.’

आता लावणार नाही ना कोणी, हे त्याच्या तोंडून ऐकलं. मी पायरीवर त्या पिशव्यांशेजारी बसले. त्याला वाटलं मी हो म्हटलं. तो खाली उतरला, पिशवीची घडी उलगडली आणि ती मापात धरून बोलत राहिला. मी इतक्या दिवसांत त्याच्याशी धड बोलले नव्हते, त्यामुळे त्यालाही बोलायचं साचलं असणार.

‘मागच्या टायमालेबी म्याच बांधलं व्हतं ना, ताई. गारपीटच्या दिशी. भाऊ म्हने, फक्त वरून आन् बाजूनं बांध, समोरचं तोंड मोकयं ठेव. तीनदा सांगतलं त्यानं, तोंड मोकयं ठेव. मी चढलो, आन् आभाय पाहालं पश्चिमेचं. म्हटलं, गारा तं समोरूनच येतीन! तोंडच मोकयं ठेवलं तं बांधून काय उपेग? म्हून म्या सगयंच बांधलं, दुप्पट-तिप्पट करून. भाऊले सांगाले आत गेलो तं तो झोपला व्हता. मंग उठवलं नाही त्याले. बसबी सुटत व्हती.’

आणि मग त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. अपघातानंतर पहिल्यांदाच त्याने माझ्या डोळ्यांत पाहिलं असेल. त्याच्या चेहऱ्यावर काय होतं सांगू? काहीतरी चांगलं केल्याचा आनंद होता. भाऊचं एक तरी काम नीट केल्याचा.

‘चांगलं बांधलं व्हतं ना, ताई? एक गार नसंन लागली.’

म्हणजे तू त्यालाही सांगितलं नाहीस.

जाग आल्यावर तुला सगळं कळलं. मी कापलेला अंगठा घेऊन तुझ्यासमोर उभी होते, आणि तुला कळलं की सुपडूने तोंड बांधलं आणि तू मरता मरता राहिलास. ट्रॅक्टरनंतर दुसऱ्यांदा. हे मला कळलं असतं तर मी त्याला या घराच्या दारात उभं केलं नसतं, हेही तुला माहीत होतं. आणि त्याला कळलं असतं तर तो स्वतःच पुन्हा आला नसता. तुझ्या पायांना तेल कोणी लावलं असतं? कोणत्या ओळीत नव्या कोंबांचे पील धरले, कुठल्या घडाला किती फण्या लागल्या, हे तुला कोणी येऊन सांगितलं असतं? म्हणून तू छताकडे पाहिलंस आणि म्हणालास, म्या सांगतलं.

आणि मला? मला तू नऊ महिने तसंच ठेवलंस. मी वस्तरे लपवत होते, रजा वाढवत होते, तू झोपलास की तुझ्या नाकाशी हात नेऊन बघत होते, आणि तू सगळं पाहत होतास. एका वाक्यात मला मोकळं करता आलं असतं तुला. तुझी बहीण तुला मरणेच्छू समजते आहे, हे तू पचवलंस, पण सुपडूचं नाव घेतलं नाहीस. मला याचा राग येतो, भाऊ, अजूनही येतो, हे लिहितानासुद्धा येतो आहे. माझ्यावर एवढाच का विश्वास ठेवला नाहीस, की मी ऐकून घेईन? पण मी ऐकून घेतलं नसतं. तू मला चांगलं ओळखत होतास.

आणि रागाच्या खाली दुसरं काय आहे, तेही सांगते. तुला जगायचं होतं. पलंगावर पडून, मानेखाली काही नसताना, मे महिन्याच्या त्या काहिलीत, तीनदा बजावून सांगण्याइतकं जगायचं होतं. तोंड मोकळं ठेव. मला नऊ महिने हवं होतं ते उत्तर एवढंच होतं. काल मागच्या दारी खरकट्या भांड्यांमध्ये बसून मला ते मिळालं आणि मी पदर तोंडात कोंबून रडले. सुपडूला वाटलं, मी तुझ्या आठवणीने रडते आहे. तोही टॉवेलने डोळे पुसत राहिला.

मग तो परत शिडीवर चढला. बाजूच्या पात्यांवरून हात फिरवताना थांबला. गारांनी त्या जागोजाग चेपल्या आहेत, तुला माहीत आहे. ‘हे कशानं दबलं, ताई?’

‘मी ब्रशने घासत होते. जोर लागला.’

‘आसं जोरात नाही घासायचं. भाऊ म्हनायचा, हलक्या हातानं.’

‘हो. माझंच चुकलं.’

तो सुतळी दातात धरून माझ्याकडे पाहत राहिला. त्याला अजून उत्तर हवं होतं. म्हातारा माणूस, पांढऱ्या सदऱ्यावर सगळा कापसाचा बुरा बसलेला, तुझ्या त्या डब्याला कवटाळून उभा.

‘चांगलं बांधलं होतं, सुपडू,’ मी म्हटलं. ‘एक गार लागली नाही.’

तो हसला. मग पिशवी वर चढवून म्हणाला, ‘आता कसं बांधू, ताई? आता तं बंदच रायनार. सगयं झाकू का तोंडाशीन?’

‘नको,’ मी म्हटलं. ‘भाऊने सांगितलं होतं तसं बांध.’

त्याने वरून बांधलं, बाजूंनी बांधलं, आणि तोंड मोकळं ठेवलं. मी खाली शिडी धरून उभी होते.